पब क्विझ लीगचा पेपर पहिल्यांदा काढताय? आधी जोड्या जुळवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुण्याहून इंग्लंडला येऊन दीड वर्ष झालं, ऑफिसातल्या लोकांनी पबच्या क्विझ टीममध्ये घेतलं, आणि आता पुढच्या महिन्यात लीगचा एका आठवड्याचा पेपर काढायची पाळी तुमच्या टीमवर आलीय, आणि तुम्ही कॉलेजात क्विझ करायचात म्हणून सगळ्यांनी मिळून ते काम तुमच्या गळ्यात घातलंय. 80 प्रश्न कुठून आणायचे, अवघड किती ठेवायचे आणि भारताचे किती घातले तर चालतील, अशा तीन गोष्टी तुम्ही विचारल्यात. मी इकडे मिडलंड्समध्ये बारा-तेरा वर्षं लीग खेळतोय आणि त्यातली आठेक वर्षं दर सीझनला दोन-तीन पेपर काढतो, दुसऱ्यांचे तपासतो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक सांगतो, प्रश्न कुठून आणायचे ही तुमची खरी अडचण नाहीये. दोन आठवडे डोळे उघडे ठेवून फिरलात तर दीडशे प्रश्न जमतील. खरी अडचण ही आहे की तो पेपर एकाच रात्री सहा-आठ पबमध्ये वाचला जाणार, तुम्ही त्यातल्या एकाही ठिकाणी नसणार (असलात तरी एकाच ठिकाणी), प्रत्येक टेबलावर चार विरुद्ध चार माणसं बसणार आणि एकेका पॉइंटावर मॅच जाणार. म्हणजे पेपर दोन्ही टीमना सारखा पडला पाहिजे आणि प्रत्येक प्रश्नाला त्या रात्री एकच बरोबर उत्तर पाहिजे. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या नंतर.

आता तुमच्या लीगचा नियम काय आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. आमच्याकडे दहा राउंड, राउंडमध्ये आठ प्रश्न, प्रत्येक खेळाडूला राउंडला एक प्रश्न त्याच्या नावाचा. दोन्ही टीमच्या समोरासमोरच्या खेळाडूंना येणारे दोन प्रश्न म्हणजे एक जोडी. एकट्यानं सांगितलं तर दोन पॉइंट, टीमला विचारून सांगितलं तर एक, आणि चुकलं तर समोरच्या टीमला एक पॉइंटचा बोनस. काही लीगमध्ये सगळे राउंड टीमनं मिळून लिहून द्यायचे असतात, तिथे जोड्यांची भानगड कमी. काही ठिकाणी लीगचा एक तपासनीस असतो, काही ठिकाणी तुम्ही पाठवाल तेच थेट छापलं जातं. तर पहिलं काम म्हणजे लीगच्या सेक्रेटरीकडून मागच्या सीझनचे तीन-चार पेपर मागून घ्या आणि नुसते वाचू नका, घरी कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावून खेळा. कुठला प्रश्न कानाला पटकन कळतो आणि कुठला दोनदा वाचावा लागतो हे तिथेच समजेल.

यापुढचं मी आमच्यासारखा जोडीचा नियम धरून लिहितोय.

जोडी म्हणजे काय ते जवळून बघू. भूगोलाचा राउंड आहे, तुम्ही होम टीमच्या पहिल्या खेळाडूला विचारलं फ्रान्सची राजधानी आणि अवे टीमच्या पहिल्याला विचारलं बुर्किना फासोची, तर हे सरळसरळ अन्यायाचं आहे हे कुणालाही दिसतं, असं कोणी करत नाही. चूक होते ती बारीक ठिकाणी. समजा एकाला विचारलं कॅनडाची राजधानी आणि दुसऱ्याला इटलीची. दोन्ही मोठे देश, दोन्ही ओळखीचे, कागदावर जोडी ठीक दिसते. पण कॅनडाच्या प्रश्नात सापळा आहे, घाईत माणूस टोरांटो म्हणून जातो आणि उत्तर ओटावा आहे, तर इटलीच्या प्रश्नात रोमशिवाय डोक्यात दुसरं काही येतच नाही. म्हणून कॅनडाची जोडी लावायची न्यूझीलंडशी, तिथे ऑकलंडचा सापळा आणि उत्तर वेलिंग्टन. किंवा ऑस्ट्रेलिया आणि तुर्की, सिडनी-कॅनबेरा, इस्तंबूल-अंकारा. मी जोडी लावताना आधी हे बघतो की चुकीचं उत्तर कुठलं येईल आणि ते दोन्हीकडे सारख्याच जोरानं येतं का. विषय सारखा असणं पुरत नाही, चूक सारखी व्हायला पाहिजे. हे एवढं एक जरी लक्षात ठेवलंत तरी तुमचा पेपर अर्ध्या लोकांपेक्षा बरा होईल.

दुसरी बारीक गोष्ट म्हणजे आधीच्या उत्तरानं पुढच्याचा रस्ता मोकळा होणं. आठव्या हेन्रीच्या राण्यांवर इथे प्रश्न येतातच, तुम्हालाही मोह होईल. पहिल्याला विचारलं 1542 मध्ये शिरच्छेद झालेली त्याची पाचवी राणी कोण, तर उत्तर कॅथरिन हॉवर्ड. दुसऱ्याला विचारलं त्याच्या मागे जिवंत राहिलेली सहावी कोण, तर उत्तर कॅथरिन पार. आता ज्याला दोन्ही कॅथरिनची नावं माहीत आहेत पण कुठली कुठली ते नाही, तो पहिल्या जागी बसला असेल तर त्याला टॉस करावा लागतो आणि दुसऱ्या जागी बसला असेल तर त्याला फुकट दोन पॉइंट. छुप्या थीमचे राउंड लोकांना फार आवडतात, मलाही आवडतात, सगळ्या उत्तरांत एखादं फळ किंवा रंग लपलेला असतो वगैरे, पण तिथेही हाच प्रकार, थीम साधारण चौथ्या-पाचव्या उत्तराला उघडी पडते आणि मग शेवटच्या खेळाडूंना अर्धं उत्तर हातात मिळतं. त्यावर उपाय असा की थीम सांगूनच टाकायची, राउंडच्या सुरुवातीलाच, म्हणजे सगळे एका पातळीवर. किंवा थीमच्या राउंडला सुरुवात कोण करणार हे मागून खेळणाऱ्या टीमला निवडू द्यायचं, जर तुमच्या लीगच्या नियमात बसत असेल तर.

आता एकच उत्तर या गोष्टीकडे येतो, कारण इथे मी स्वतः पोळलोय आणि अजून ते विसरलेलो नाही. माझा पहिला पेपर, क्रिकेटचा प्रश्न घातला, एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यात पहिलं द्विशतक कोणी ठोकलं. मला काय, डोळ्यांसमोर 24 फेब्रुवारी 2010, ग्वाल्हेर, समोर दक्षिण आफ्रिका, नाबाद 200. उत्तर लिहिलं सचिन तेंडुलकर आणि तपासायची गरजच वाटली नाही, आपण तो दिवस जगलोय ना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरीचा फोन. एका पबमध्ये एका वयस्कर बाईंना तो प्रश्न आला होता, त्यांनी शांतपणे सांगितलं बेलिंडा क्लार्क. क्वेश्चन मास्टरच्या, म्हणजे प्रश्न वाचणाऱ्याच्या, हातातल्या कागदावर तेंडुलकर, म्हणून उत्तर चूक, प्रश्न समोर गेला, समोरच्यांनी तेंडुलकर सांगून बोनस घेतला, आणि ती मॅच त्या बाईंची टीम एका पॉइंटनं हरली. बेलिंडा क्लार्कनं 16 डिसेंबर 1997 ला महिला वर्ल्ड कपमध्ये डेन्मार्कविरुद्ध नाबाद 229 केल्या होत्या. आणि कुठे, तर मुंबईत! सचिनच्या बारा वर्षं आधी, आपल्याच गावात, आणि मी मुंबईचा असून मला माहीत नव्हतं. मी त्या बाईंना पुढच्या आठवड्यात जाऊन भेटलो आणि माफी मागितली. त्यांनी मला ड्रिंक पाजलं आणि सांगितलं की प्रश्नात फक्त 'पुरुषांच्या' एवढा एक शब्द पाहिजे होता. तेव्हापासून पेपरमध्ये 'पहिला', 'सर्वात मोठा', 'एकमेव' असा शब्द आला की मी तिथे थांबतो आणि विचारतो, कोणात पहिला, कधीपासून, कोणी मोजलं.

असे धोक्याचे प्रश्न बरेच आहेत आणि ते सगळे सोपे वाटतात. भारतातली पहिली रेल्वे म्हणजे 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, हे आपल्याला शाळेपासून पाठ, पण मद्रासला 1837 मध्येच दगड वाहणारी रेड हिल रेल्वे होती, तेव्हा 'पहिली प्रवासी रेल्वे' असंच विचारायचं. जगातली सर्वात लांब नदी विचारूच नका, नाईल की अॅमेझॉन यावर लोक अजून भांडतात. बोलिव्हियाची राजधानी राज्यघटनेप्रमाणे सुक्रे आणि सरकार बसतं ला पाझला. दक्षिण आफ्रिकेला तर प्रिटोरिया, केप टाउन आणि ब्लुमफॉन्टेन अशा तीन. पण तोच प्रश्न उलटा करून विचारला की एकदम चांगला होतो: प्रिटोरिया आणि केप टाउनबरोबर दक्षिण आफ्रिकेची तिसरी राजधानी कुठली? आता उत्तर एकच, आणि ज्याला ही गोष्ट माहीत नव्हती त्याला प्रश्न ऐकतानाच काहीतरी मिळालं. भारताचे घालणार असाल तर राष्ट्रभाषा हिंदी आणि राष्ट्रीय खेळ हॉकी हे दोन्ही कुठल्याही परिस्थितीत घालू नका, भारताला घटनेनं राष्ट्रभाषा दिलेली नाही आणि हॉकीला सरकारनं तसा दर्जा अधिकृतपणे दिलेला नाही. चीनची भिंत चंद्रावरून दिसते आणि व्हायकिंग लोकांच्या शिरस्त्राणाला शिंगं असायची, हेही तसेच, कुठल्या तरी जुन्या प्रश्नसंचात अजून बसलेले असतात.

मग शिळे झालेले प्रश्न. सर्वात जास्त चंद्र कुठल्या ग्रहाला, हा वाचायला किती साधा प्रश्न, पण 2023 च्या सुरुवातीला काही महिने गुरू पुढे होता, त्याच वर्षी मे महिन्यात शनी 145 वर गेला आणि मार्च 2025 मध्ये 274 वर. कझाकस्तानची राजधानी 2019 मध्ये अस्तानाची नूर-सुलतान झाली आणि 2022 मध्ये परत अस्ताना. ज्यानं 2020 मध्ये पाठ केलं त्याचं पण चुकतं आणि ज्यानं कधीच अपडेट केलं नाही त्याचं बरोबर येतं. एव्हरेस्टची उंची 8848 मीटर आपल्या पिढीला पाठ, डिसेंबर 2020 मध्ये नेपाळ आणि चीननं मिळून 8848.86 जाहीर केली. असा प्रश्न घालायचाच असेल तर त्यात तारीख घाला किंवा घटना विचारा. 'सर्वात जास्त काळ राज्य करणारी ब्रिटिश राणी' पेक्षा 'सप्टेंबर 2015 मध्ये एलिझाबेथनं कोणाचा विक्रम मोडला' हा पन्नास वर्षांनी सुद्धा बरोबरच राहील.

तपासायचं कसं, तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी, आणि वेगवेगळ्या म्हणजे खरोखर वेगवेगळ्या. इथे एक गोष्ट सांगतो, क्विझवाल्यांत जुनी आहे पण नवीन माणसाला माहीत नसते. अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाचे गृहस्थ सामान्यज्ञानाचे कोश काढायचे. आपलं कोणी चोरतंय का ते पकडायला त्यांनी मुद्दाम एक खोटी माहिती घालून ठेवली, टीव्हीवरचा डिटेक्टिव्ह कोलंबो, ज्याचं पहिलं नाव मालिकेत कधी बोललंच जात नाही, त्याचं नाव 'फिलिप' असं छापलं. पुढे ट्रिव्हियल पर्स्युट हा बोर्ड गेम आला, मॉन्ट्रिआलमध्ये क्रिस हेनी आणि स्कॉट अॅबट या दोघांनी 1979 मध्ये सुचवलेला, आणि त्याच्या कार्डावर उत्तर निघालं फिलिप. वर्थनी 1984 मध्ये 30 कोटी डॉलरचा दावा ठोकला. तो ते हरले, कारण माहितीवर कोणाची मालकी नसते असं कोर्टाचं म्हणणं पडलं. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. त्या काळी कोणी कोश उघडून बघितला असता, मग खेळाचं कार्ड बघितलं असतं, तर त्याला वाटलं असतं दोन ठिकाणी मिळालं, पक्कं झालं. प्रत्यक्षात ते एकच ठिकाण होतं आणि ते खोटं होतं. आज इंटरनेटवर हे रोज होतं, दहा वेबसाइट एकीवरून उतरवतात आणि आता तर एआय त्या दहाही वाचून ठामपणे सांगतं. म्हणून मी कुठलीही गोष्ट तिच्या मूळ घरी जाऊन बघतो, क्रिकेटचं असेल तर स्कोअरकार्ड, चंद्राचं असेल तर खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेची घोषणा, इमारतीचं असेल तर त्या इमारतीची स्वतःची माहिती. एका प्रश्नाला पाच-सात मिनिटं जातात, 80 प्रश्नांना एक अख्खा रविवार, पण तो द्यावा लागतो.

अॅपवरचे किंवा तयार संचातले प्रश्न उचलू नका, हेही यातच आलं. चुका असतात ते आहेच, पण तुमच्या लीगमधले निम्मे लोक तेच अॅप बसमध्ये खेळत असतात. मग जो खेळलाय त्याला पॉइंट मिळतो आणि ज्याला खरंच माहीत आहे त्याच्याशी त्याची बरोबरी होते.

आता तुमच्या-माझ्यासारख्यांची एक खास सवय, तिच्याबद्दल बोलायलाच हवं. आपण भारतात जे क्विझ खेळतो, म्हणजे कॉलेजांतलं, पुण्यातल्या बोट क्लबच्या मंडळींचं, बंगलोर-चेन्नई-हैदराबादचं, त्याची मजा वेगळी असते. प्रश्न पाच ओळींचा, त्यात चार धागे, उत्तर कोणालाच थेट माहीत नसतं आणि टीमनं डोकी लावून ते काढायचं असतं, पाउन्स-बाउन्स (आपली पाळी नसताना उत्तर आधीच लिहून द्यायचं, नाही आलं तर प्रश्न पुढच्या टीमकडे जायचा) चालू असतं, एका प्रश्नाला पाच मिनिटं गेली तरी कोणाची हरकत नसते. मी त्यातच वाढलो आणि मला ते अजून आवडतं. पण पबमध्ये ते चालत नाही. साधा हिशोब करा, आठ वाजता सुरू, दहाला संपवायचं, मधे होम टीमनं ठेवलेल्या सँडविचसाठी पंधरा मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला वाचून, उत्तर देऊन, पॉइंट लिहून सव्वा मिनिट मिळतं. शेजारच्या टेबलावर फुटबॉलची मॅच लागलेली असते आणि प्रश्न कागदावर दिसत नाही, कानानंच ऐकायचा असतो.

उदाहरण देतो. मी सुरुवातीला लिहिलेला प्रश्न असा होता: पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रगांझा हिच्याशी दुसऱ्या चार्ल्सचं लग्न ठरलं, 1661 च्या तहात हुंडा ठरला, त्यात टँजिअर होतं आणि आणखी एक ठिकाण होतं, जे राजाला सांभाळणं परवडेना म्हणून 1668 मध्ये त्यानं ते एका कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्यानं देऊन टाकलं, तर ते ठिकाण आणि ती कंपनी ओळखा. छान आहे, पण ऐकणारा टँजिअरला पोचेपर्यंत ब्रगांझा विसरलेला असतो, आणि उत्तरं दोन असल्यामुळे एक बरोबर आलं तर पॉइंट द्यायचा की नाही हा वाद वेगळाच. तोच आता असा आहे: 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्यानं मिळालेलं, त्याआधी कॅथरिन ऑफ ब्रगांझाच्या हुंड्यात ब्रिटिश राजाला आलेलं आजचं शहर कुठलं? उत्तर मुंबई, बॉम्बे चालेल. इंग्रजीत लिहाल तेव्हा 'कुठलं भारतीय शहर' हे अगदी सुरुवातीला येऊ द्या, म्हणजे खेळाडूला कळतं की शहर विचारलंय, माणूस नाही, आणि तो पुढचं ऐकताना शहरंच चाळत बसतो. इंग्रजी वाक्यरचना इथे आपल्या बाजूनं आहे, तिचा फायदा घ्या.

यावरून भारताच्या प्रश्नांकडे येतो, तुम्ही ते विशेष विचारलंय. किती घालायचे याला आकडा नाही, मी 80 मध्ये तीन-चार घालतो आणि ते जोडीनं घालतो म्हणजे दोन्ही टीमना येतात. त्यापेक्षा महत्त्वाचं हे की इथल्या माणसाला आत शिरायला दार पाहिजे. महाराष्ट्राचं सर्वात उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर, हे आपल्याला प्रिय आहे पण डर्बीच्या पबमधल्या निवृत्त पोस्टमनला ते कळायला काही मार्गच नाही, तो पास म्हणणार, समोरचेही पास म्हणणार, आणि टेबलावर सव्वा मिनिट मेलं. त्याउलट हे बघा. स्पाइक मिलिगन हा विनोदी कलाकार, इथल्या म्हाताऱ्या माणसांचा जीव की प्राण, त्याचा जन्म 16 एप्रिल 1918 चा, आपल्या अहमदनगरचा. 'अहमदनगरला 1918 मध्ये कोण जन्मलं' असं विचारलंत तर कोणालाच येणार नाही. पण त्याच्या ससेक्समधल्या थडग्यावर आयरिश भाषेत 'मी तुम्हाला सांगितलं होतं मी आजारी आहे' अशा अर्थाची ओळ कोरलीय, हे इथे पुष्कळांना ठाऊक असतं. तर प्रश्न असा केला: भारतात अहमदनगरला जन्मलेल्या कुठल्या विनोदी कलाकाराच्या थडग्यावर ही ओळ आयरिशमध्ये आहे? आता दोन दारं झाली. ज्याला थडगं माहीत त्याला ते, ज्याला जन्म माहीत त्याला तो, आणि ज्याला उत्तर आलं त्याला नगरचं नाव नवीन मिळालं. (नगरचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, तेव्हा कागदावर 'तेव्हाचं अहमदनगर' असं लिहा. नाहीतर कोणी नगरकर त्या टेबलावर असला तर त्याचं बोलणं रास्तच असेल.) त्याची जोडी मी लावली फ्रेडी मर्क्युरीशी: झांझिबारला जन्मलेला कुठला गायक लहानपणी महाराष्ट्रातल्या पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत होता? दोघंही इथले लाडके, दोघांनाही एक सोपं दार आणि एक नवीन माहिती. त्या रात्री ही जोडी जवळजवळ सगळ्या पबमध्ये सुटली आणि तरी लोक सँडविच खाताना त्यावरच बोलत होते.

अजून एक जोडी देतो, हवी तर घ्या, माझी वापरून झालीय. 1875 मध्ये जबलपूरच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये सुरू झालेला टेबलावरचा खेळ कुठला, उत्तर स्नूकर. आणि ग्लॉस्टरशरमधल्या एका ड्यूकच्या वाड्यावरून नाव पडलेला, पण पुण्यातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांत 'पूना' म्हणून खेळला जाणारा खेळ कुठला, उत्तर बॅडमिंटन. पहिल्याचा एक अवघड प्रकार पण करता येतो, स्नूकरचं श्रेय ज्या अधिकाऱ्याला देतात त्याचं नाव नेव्हिल चेंबर्लिन, आणि तो त्याच नावाचा ब्रिटिश पंतप्रधान नव्हे. हे विचारलं की माणसाच्या तोंडावर उत्तर असतं आणि तो स्वतःवरच विश्वास ठेवत नाही, पाहण्यासारखं असतं. मात्र मग त्याच्या जोडीला तेवढाच फसवा प्रश्न लागेल, आणि मला अजून तो मिळालेला नाही.

साधे पण गोड प्रश्नही असतात. बॉम्बे डक हा कुठल्या प्रकारचा प्राणी? मासा, आपला बोंबील. निम्मे लोक बदक म्हणून जातात. लंडनमध्ये पहिलं भारतीय रेस्टॉरंट कुठल्या दशकात उघडलं? लोक 1920, 1950 म्हणतात, आणि शेख दीन महंमद यांचं हिंदुस्थानी कॉफी हाउस 1810 चं. असा वर्षाचा प्रश्न असला की अचूक वर्ष मागू नका, दशक किंवा शतक मागा, नाहीतर किती वर्षं इकडे-तिकडे चालतील ते कागदावर लिहून द्या.

अवघड किती? माझा अंदाज असा असतो की 80 पैकी पंचावन्न-साठ प्रश्न टेबलावरच्या आठ माणसांत कोणाला ना कोणाला यावेत. दोन्ही बाजूंना न आलेले प्रश्न वीस-पंचवीसच्या वर गेले की लोक थकतात आणि पेपर आवडला नाही असं तोंडावर सांगत नाहीत, पण घरी लवकर जातात. आपल्याला जे सोपं वाटतं ते बहुतेक वेळा मध्यम असतं, कारण ते आपण नुकतंच वाचलेलं असतं. म्हणून पेपर तयार झाला की लीगबाहेरच्या दोन माणसांवर चालवून बघा, एक पन्नाशी-साठीचा आणि एक पंचविशीतला. माझ्याकडे शेजारचे एक निवृत्त शिक्षक आणि माझी भाची असते. दोघांना न येणारा प्रश्न मी काढतो किंवा त्याला दुसरं दार पाडतो. आणि ते अडखळून 'म्हणजे?' म्हणाले तर प्रश्नाची भाषा बदलतो, तिथे वाद घालत नाही.

विषय वाटताना एकदा फक्त उत्तरांची यादी वाचून बघा, प्रश्न न बघता. माझ्या तिसऱ्या-चौथ्या पेपरात अशी यादी वाचली तेव्हा माणसांची नावं असलेल्या एकतीस उत्तरांपैकी बाई दोनच होत्या, आणि दोन्ही राण्या. मुद्दाम केलं नव्हतं, पण झालं होतं. तेव्हापासून मी डोरोथी हॉजकिन (1964 चं रसायनशास्त्राचं नोबेल), लाइम रीजिसला जीवाश्म शोधणारी मेरी अॅनिंग, अशी नावं आधीच बाजूला काढून ठेवतो. तसंच गाण्यांचं, सगळी 1980 ची आणि सगळा फुटबॉल एकाच क्लबचा असं होऊन जातं, कारण आपण एका मूडमध्ये बसून लिहितो. म्हणून मी एका बैठकीत दहाच्या वर प्रश्न लिहीत नाही.

शेवटी कागद कसा द्यायचा ते, कारण वाचणारा दुसराच कोणी असतो. अवघड नाव असेल तर उच्चार लिहून द्या, बुर्किना फासोची राजधानी वागादुगू वाचताना चांगला माणूस अडतो आणि अडला की खेळाडूला इशारा मिळतो. उत्तरापुढे काय चालेल, काय नाही ते लिहा: आडनाव पुरे, बॉम्बे चालेल, बर्मा चालेल, नुसतं कॅथरिन चालणार नाही. स्पेअर प्रश्न सहा तरी द्या, आणि तेही जोडीनं, कारण एक प्रश्न रद्द झाला तर त्याच्या जोडीदाराचं काय करायचं हा वाद सुद्धा होतो. त्या रात्री फोन चालू ठेवा.

तुमचा खरा पेपर इथे टाकू नका, मराठी वाचणारा कोणी तुमच्याच लीगमध्ये असू शकतो. पण ज्या जोड्या जमत नाहीत म्हणून तुम्ही बाद केल्यात त्या टाका, एक बाजू चांगली असेल तर दुसरी शोधायला मी मदत करतो. आणि नेव्हिल चेंबर्लिनला जोडीदार सापडला तर तो आधी मला कळवा.